मागच्या सीटवर गाणारी मुलगी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की मी चहा मागायचो, नाहीतर उठून बाल्कनीत जायचो. नातीने एकदा मोबाईलवर त्या मुलीचा व्हिडिओ लावला आणि म्हणाली, "नाना, डू यू नो, ही आधी इथे नहदामध्ये राहायची!" मी म्हणालो, "असेल. इथे कोण कोण राहून जातं." बायको ओट्याशी भाजी चिरत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत भाजी चिरायला लागली.

आता ती युगांडाची मोठी गायिका आहे. पण तिच्याविषयी एक गोष्ट अजून फिरते, की दुबईतल्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी ती घाबरली आणि वेळेवर आलीच नाही. ते खोटं आहे. खरं काय झालं ते मला माहीत आहे, कारण ते मी केलं.

अबुधाबीकडच्या रुवैसला रिफायनरीच्या कामगारांची बस चालवण्यात माझी उमर गेली. निवृत्त झाल्यावर शारजाला मुलाकडे आलो. घरी बसवेना, म्हणून त्याच्या सात सीटच्या गाडीतून कारलिफ्ट सुरू केली. सकाळी आमच्या नहदातून माणसं घ्यायची, दुबईत देऱ्याला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. परवाना नव्हता. आम्हा कारलिफ्टवाल्यांपैकी कुणाकडेच नव्हता. म्हणून नव्या माणसाला आधी पढवायचं, इन्स्पेक्टरने हटकलं तर सांगायचं, चाचा शेजारी आहेत, सहज सोडतात. गाडी मुलाच्या नावावर होती. पकडलो तर गाडी जाईल, त्याच्या नोकरीवर येईल, नातीची शाळा सुटेल, असं सगळं मला स्टेअरिंग धरल्यावर दिसायचं. प्रत्येक नवा चेहरा मी आरशातून निरखायचो.

ती मुलगी देऱ्यात अत्तराच्या दुकानात कामाला होती आणि नहदात बेडस्पेसवर, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन, राहायची. मी न विचारताच तिने सगळं सांगून टाकलं. गावच्या चर्चमध्ये गायची, मग लग्नांत, मग कंपालाच्या हॉटेलांत. एजंटने गाण्याचं काम देतो म्हणून इथे आणलं आणि अत्तराच्या काउंटरमागे उभं केलं. "लेकिन मैं सिंगर है, चाचा," ती तिच्या हिंदीत म्हणायची. न विचारता एवढं सांगणारा माणूस मला कधीच सरळ वाटला नाही.

आणि सिंगर म्हणवणारी ती कधी मोठ्याने गायली नाही. पायात फाटके बूट, सगळ्यात मागच्या सीटवर, खिडकीशी बसायची. हाताची ओंजळ करून फोनमध्ये काहीतरी पुटपुटायची. सिग्नलला गाडी थांबली की फोन पुढे, इंडिकेटरच्या टिकटिकीकडे धरायची. मध्येच विचारायची, "चाचा, रोज कितने लोग लाता है? सब कहाँ से?" एकदा उतरल्यावर तिने गाडीचा मागून व्हिडिओ काढला. नंबर प्लेटसकट.

एका क्लिनिकच्या काउंटरवर बसणारी चिपळूणची एक बाई रोज माझ्या शेजारच्या सीटवर असायची. ती म्हणाली, "चाचा, मागे बघा, स्टुडिओ सुरू झाला. एसीचे वेगळे घ्या तिच्याकडून." सगळे हसले. ती मुलगीही हसली, तिला काही कळलं नसताना. मी मात्र आरशात बघत राहिलो.

त्याच सुमारास आमच्यातला एक ड्रायव्हर पकडला गेला. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "हल्ली पॅसेंजर बनूनच बसतात त्यांची माणसं. सगळं रेकॉर्ड करतात." मला आणखी ऐकायची गरज वाटली नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पोर आहे ती. इन्स्पेक्टरची माणसं फाटके बूट घालून येतात का?"

"तेच तर. मुद्दाम घालतात."

"तुम्हाला अत्तराचाही वास संशयाचाच येतो," ती म्हणाली आणि विषय सोडला.

एका संध्याकाळी सगळे उतरल्यावर ती मुलगी थांबली. तिच्या देशाचा एक नावाजलेला गायक दुबईत येणार होता. त्याच्या आधी दोन गाणी गायला इथलीच कुणी मुलगी हवी होती आणि तिची निवड झाली होती. शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाच्या आधी साउंड चेकला पोचायचं. नाही पोचली तर दुसरी मुलगी तयारच होती. हॉल माझ्या रोजच्या रस्त्यावर नव्हता.

"चाचा, जुम्मा के बाद टॅक्सी नहीं मिलता. आप अकेले मुझे लेके जाएगा? पैसा पूरा देगा. चाचा, ये मेरा लाइफ है."

माझ्या कानात भलतंच वाजलं. एकटी बाई, वेगळा रस्ता, जागेवर पैसे. सापळा असाच लावतात, असं मी ऐकलं होतं. मी नाही म्हणालो नाही. म्हणालो, "इन्शाल्ला."

इथे ज्यांची उमर गेली त्यांना कळतं की हा शब्द कधी होकार असतो आणि कधी नुसता दार लोटण्याचा आवाज. तिने होकार धरला. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि पळत गेली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मी फोन बंद केला आणि गाडी मशिदीच्या मागच्या गल्लीत लावली. तिथून किराणा दुकानाचा कोपरा दिसायचा, जिथून मी सगळ्यांना घ्यायचो. ती आधीच उभी होती. अंगावर चमचमता ड्रेस, त्यावर कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट, उन्हात. हातात पिशवी. ती रस्त्याकडे बघायची, फोन कानाला लावायची, ओठ हलवायची. गाण्याची तालीम करत असणार. मला तेव्हा वाटलं, कुणाला तरी खबर देते आहे.

मी तिच्याकडे बघत नव्हतो, तिच्या आजूबाजूला बघत होतो. कुठली गाडी उभी आहे, कोण टेहळणी करतो आहे. कुणीच नव्हतं. कुणीच नाही हे कळल्यावरही मी चावी फिरवली नाही. आता कशाला, असं काहीतरी मनाला सांगितलं. शेवटी तिने हातात चपला घेतल्या आणि मोठ्या रस्त्याकडे धावत गेली.

तिची गाणी दुसऱ्या मुलीने गायली. पुढल्या सकाळी ती गाडीत आली, डोळे सुजलेले, आणि पहिलं वाक्य काय, तर "चाचा, आप ठीक है? मेरे को डर लगा, ॲक्सिडेंट हुआ." तिने दुकानदाराला, मशिदीच्या माणसालासुद्धा माझ्याबद्दल विचारलं होतं. मी म्हणालो, गाडी बिघडली होती. ती म्हणाली, "खलास, चाचा. जो हुआ वो हुआ. नो प्रॉब्लेम."

माणसाने इतकं सहज माफ करावं, याचाही मला संशय आला. त्या दिवशी मी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ही खबरी आहे, बसवू नका. मीही तिला सांगितलं, सीट भरल्या. मग तिला कुणीच बसवेना. बसच्या रांगेत उभी राहून रोज उशिरा पोचायला लागली, आणि अत्तरवाल्याने तिला काढलं. व्हिसा रद्द झाला आणि ती परत गेली. आयोजकाने तोवर सगळीकडे लिहिलं होतं की ही मुलगी भरवशाची नाही. चिपळूणची बाई मला एवढंच म्हणाली, "चाचा, खबरी गेली, पण तिने पकडून दिलं तर कुणालाच नाही."

गावी तिने एका मैत्रिणीच्या खोलीत पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. ते आधी टॅक्सीवाल्यांत चाललं, मग रेडिओवर, मग सगळीकडे. नातीने तो व्हिडिओ लावला तेव्हा त्यात इंडिकेटरची टिकटिक होती, आणि माझा आवाज, "यल्ला, बेल्ट लगाओ." नातीने तो ओळखला नाही. गाणं दूरदेशी कामाला जाणाऱ्यांचं होतं. एका मुलाखतीत तिला जुन्या कार्यक्रमाबद्दल विचारलं, तर हसून म्हणाली, "मला उशीर झाला. चूक माझी होती." ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं.

गेल्या थंडीत ती दुबईत गायला आली. नातीबरोबर मी गेलो. गाणं संपल्यावर फोटोसाठी रांग लागली. मी मनात वाक्य जुळवत पुढे सरकत होतो. समोर पोचलो तर तीच ओरडली, "चाचा!" मिठी मारली. शेजारच्या माणसांना सांगायला लागली की खोलीत रात्रपाळीच्या मुली झोपलेल्या असायच्या, आवाज करता यायचा नाही, या म्हाताऱ्याच्या गाडीतच मी गाणी केली, यांनी मला कधी गप्प बस म्हटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नात माझ्याकडे बघत राहिली. "नाना, यू नेव्हर सेड यू न्यू हर."

मी फोटोसाठी उभा राहिलो. हसलोसुद्धा. मागून सिक्युरिटीवाला म्हणाला, "यल्ला अंकल, नेक्स्ट."

मला तिला म्हणायचं होतं: बेटी, त्या शुक्रवारी गाडीला काही झालं नव्हतं. मी मशिदीमागे बसून तुला वाट बघताना बघत होतो. तू अनवाणी धावलीस तेव्हाही मी आलो नाही. नंतर तुझा फोटो मीच टाकला. उशीर तुला झाला नाही, मी केला. मला माफ कर.