सकाळी अडकणारी लिफ्ट

रोज सकाळी थोडा वेळ शांत बसणाऱ्या माणसाचं मन स्थिर राहतं आणि शरीर निरोगी राहतं. माणिकपूरच्या एका सोसायटीच्या फलकावर हे वाक्य हिरव्या खडूनं लिहिलेलं होतं. खाली 'प्रभात आरोग्य मंडळ, स्थळ : गच्ची'. मी ते दोन-तीनदा नीट वाचलं, कारण फलकासमोर उभा राहून एक माणूस माझ्यावर ओरडत होता आणि मला दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

"पाटकर, ही लिफ्ट आहे की पिंजरा? माझी आई परत अडकली. अंधारात. एकटी!"

ओरडणारा ज्यो. सहाव्या मजल्यावर राहायचा, चर्चगेटला नोकरी. मी लिफ्ट मेंटेनन्स कंपनीचा सर्व्हिस सुपरवायझर. नायगावपासून विरारपर्यंतच्या लिफ्ट माझ्याकडे होत्या आणि त्यांच्याबद्दलच्या शिव्याही. एसटीडी बूथवर लोक रांग लावायचे त्या दिवसांतली ही गोष्ट. सात मजली इमारत ही तेव्हा वसईत बघण्यासारखी वस्तू होती.

तक्रार अशी होती, की लिफ्ट अधूनमधून सकाळी मध्येच थांबते. आतला माणूस ओरडतो. थोड्या वेळानं ती आपोआप चालू होते. मेकॅनिक पोचतो तेव्हा शहाण्यासारखी वर-खाली करत असते. आमच्या धंद्यात याला 'इंटरमिटंट फॉल्ट' म्हणतात. म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर दुखायचं थांबणारा दात. लिफ्ट पूर्ण बंद पडली तर आम्हाला आनंद होतो. अशी अडकली, की झोप जाते.

दूधवाला एकदा अडकला होता, पण त्यानं तक्रार केली नाही, फक्त दुधाच्या पिशव्या खाली ठेवायला सुरुवात केली. ज्योची आई, मार्टिना आजी, दोनदा अडकली. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना बंद, पण सपाट रस्त्यावर रोज चालायचं, नाहीतर पाय आखडेल. आजीला हे सांगायची गरज नव्हती. ती रोज सकाळी चालत चर्चला जायची, मिस्साची प्रार्थना ऐकायची, बाहेर बायकांशी बोलायची आणि येताना पाव आणायची. दुसऱ्यांदा अडकल्यावर ज्योनं हे सगळं बंद केलं.

"लिफ्टची गॅरंटी द्या, मग आई खाली उतरेल," तो म्हणाला. "नाहीतर घरातच."

मी काम सुरू केलं. पहिला संशय गेट लॉकवर. प्रत्येक मजल्याच्या दरवाज्यात एक छोटा स्विच असतो. सगळे दरवाजे नीट लागले, तरच लिफ्ट हलते. एक जरी सैल असला, तरी ती जागच्या जागी थांबते. वसईच्या खाऱ्या हवेत त्याचे काँटॅक्ट गंजतात. मी सातही मजल्यांचे साफ केले, दोन बदलले. पुढच्या आठवड्यात लिफ्ट पुन्हा अडकली. या वेळी आत पेपरवाला होता.

दुसरा संशय विजेवर. व्होल्टेज उतरलं की लिफ्ट थांबते, आणि आमच्याकडे व्होल्टेज उतरणं ही बातमी नव्हती. पण त्या वेळी इमारतीतले बाकीचे दिवे नीट चालू होते, असं वॉचमन म्हणाला. मी बूथवरून ऑफिसात माझ्या वरच्या कर्णिकसाहेबांना फोन केला.

"ऑइलिंग केलंस?" साहेबांनी विचारलं.

"केलं."

"मग परत कर. सगळ्यांना दिसेल असं कर."

त्याच संध्याकाळी मला सोसायटीच्या अध्यक्षांनी बोलावलं. सामंतसाहेब सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती. टेबलावर घंटी होती. घरात नोकर नव्हता.

"बसा, पाटकर. तुमच्या यंत्राचा मी ऋणी आहे."

मी बसलो.

"त्याच्या वारंवार बंद पडण्यानं सभासदांना जिना आठवला. लिफ्ट हे आळसाचं साधन आहे. मी स्वतः जिनाच वापरतो. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. सकाळच्या वेळी लिफ्ट बंदच ठेवावी, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. अपघात टळेल, व्यायामही होईल."

"सहाव्या मजल्यावरच्या आजी आहेत, साहेब. त्यांना जिना बंद आहे."

"त्यांनी घरी प्राणायाम करावा," सामंतसाहेब म्हणाले. "मी पत्रक देतो."

पत्रक त्यांनी मलाही दिलं. सकाळी उठल्यावर पाणी, मग टाळ्या, मग हास्य, शेवटी मौन. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. चालायला जा, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं, कदाचित चालायला अध्यक्ष लागत नाही म्हणून.

रविवार जवळ आला होता. प्रस्ताव मंजूर होणार हे उघड होतं, कारण सामंतसाहेबांशी वाद घालायचा म्हणजे त्यांचं उत्तर पूर्ण ऐकावं लागे. मी सहाव्या मजल्यावर गेलो. आतापर्यंत मी वॉचमनला विचारलं होतं, ज्योला विचारलं होतं, कर्णिकसाहेबांनाही विचारलं होतं. अडकलेल्या बाईला विचारायचं राहून गेलं होतं.

आजी दार उघडायला आली ती भिंत धरत. खिडकीशी खुर्ची होती. तिथून चर्चचा मनोरा दिसत होता.

"आजी, लिफ्ट थांबली तेव्हा नेमकं काय झालं?"

"काय होनार? थांबली."

"दचका बसला? घरघर झाली?"

"नाय. गुमान थांबली. दिवा गेला, पंखाबी गेला. मग थोड्या वेळानं सगला आला परत."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. गेट लॉक सैल झालं, तर लिफ्ट थांबते, पण आतला दिवा जात नाही. दिवा आणि पंखा गेला, याचा अर्थ लिफ्टची वीजच जात होती. इमारतीची नाही, फक्त लिफ्टची. म्हणजे दोष मीटरपासून गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत कुठेतरी होता. मशीनरूम म्हणजे लिफ्टची मोटर, दोरांचं चाक आणि मेन स्विच असलेली खोली. तिला कुलूप असावं असा नियम आहे. इथे नुसती कडी होती. ते मी प्रत्येक रिपोर्टात लिहायचो आणि सोसायटी प्रत्येक वेळी त्याखाली सही करायची.

"आजी, उद्या सकाळी मी वर मशीनरूममध्ये बसून बघणार आहे."

आजीनं खिडकीतून चर्चकडे पाहिलं.

"तू वर बसनार?"

"हो."

"मंग मी जाते चर्चला."

"ज्यो काय म्हणेल?"

"ज्यो पयल्या गाडीनं जातो. तू बोलू नको, मी बोलत नाय."

हे मला नको होतं. लिफ्टवर माझा जेवढा विश्वास होता, त्यापेक्षा तिचा माझ्यावर जास्त होता. पण नाही म्हणायला कारण सापडेना, आणि तिनं आतल्या खोलीत जाऊन कपाटातून उद्याची साडी काढून ठेवायला सुरुवातही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर पोचलो तेव्हा मंडळ हास्यावर आलं होतं. दहा-बारा माणसं सतरंजीवर उभी राहून, पूर्वेकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून हसत होती. बहुतेकांचे चेहरे गंभीर होते. सामंतसाहेब समोर उभे राहून 'अजून, अजून' म्हणत होते. मी त्यांच्या पाठीमागून मशीनरूममध्ये शिरलो, दार लोटून घेतलं आणि टूलबॉक्सवर बसलो. टेस्टर काढला. मेन स्विचचे स्क्रू तपासले, घट्ट होते. केबल ओढून पाहिली, पक्की होती. हसणं थांबलं.

"आता मौन," बाहेर सामंतसाहेबांचा आवाज आला. "डोळे मिटा. मी येतोच."

तेवढ्यात मोटर सुरू झाली. कोणीतरी लिफ्ट बोलावली होती. चाक फिरू लागलं, दोर सरकू लागले, काँटॅक्टर खटकन बसला. काँटॅक्टर म्हणजे मोटरला वीज देणारा मोठा स्विच. तो बसताना आणि सुटताना आवाज करतो, त्याला इलाज नाही. लिफ्ट सहाव्यावर थांबली. दरवाजे उघडले, लागले. पुन्हा खट्. लिफ्ट खाली निघाली.

मशीनरूमचं दार उघडलं. सामंतसाहेब आत आले. पांढरा झब्बा, डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर तयारीची शांतता. त्यांनी मला पाहिलं नाही, कारण ते कशाकडेच पाहत नव्हते. हात सवयीनं भिंतीवर गेला, मेन स्विच खाली ओढला, आणि ते बाहेर गेले. आपण झोपताना पंखा बंद करतो तसं. मौन संपल्यावर तोच हात स्विच परत वर करत असणार. हे सगळं मी टूलबॉक्सवरून उठायच्या आत झालं.

मोटर थांबली. ब्रेक बसला. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगवर असतो, वीज गेली की आपोआप चाक पकडतो. त्यामुळे लिफ्ट पडत नाही, जिथे असेल तिथे लटकून राहते. आजी कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकली होती.

मग घंटी वाजली. ती बॅटरीवर चालते, मेन बंद असला तरी वाजते. लिफ्टच्या पोकळीतून, शाफ्टमधून, तिचा बारीक आवाज गच्चीपर्यंत आला. खाली तो कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, कारण त्या वेळी वॉचमन मागच्या बाजूला पाण्याचा पंप लावून बसलेला असे.

"कुठेतरी घंटी वाजते आहे," बाहेर सामंतसाहेब संथ सुरात म्हणाले. "वाजू द्या. आवाज येतात, आवाज जातात. आपण फक्त पाहायचं आहे."

घंटी पुन्हा वाजली.

"तिच्यामागे जाऊ नका," सामंतसाहेब म्हणाले.

मी भानावर आलो. पण मेन लगेच चालू करता येत नाही. आतला माणूस घाबरून दार उघडून पाय बाहेर काढत असेल, तर घात होतो. दोर खाली जायला मशीनरूमच्या जमिनीत भोकं असतात. मी पालथा पडलो आणि भोकाला तोंड लावलं.

"आजी! मी पाटकर! दरवाजा लावलेला आहे ना?"

"हाय लावलेला," खालून आवाज आला. "जरा थांब."

"काय झालं?"

"रोझरी चाललीय. हा धा मन्यांचा दशक होऊ दे."

मी थांबलो. गच्चीवर मौन चालू होतं, शाफ्टमध्ये रोझरीची जपमाळ चालू होती आणि मी मधे जमिनीवर पालथा होतो. कोणीतरी घोरत होतं. ते खालून येत नव्हतं.

"हां. आता चालू कर," आजी म्हणाली.

मी मेन वर केला. मोटर गरजली. गच्चीवर दहा-बारा जण दचकून जागे झाले. सामंतसाहेब दारात आले.

"कोण आहे आत? मौन चालू आहे!"

"मी पाटकर. साहेब, तुम्ही लिफ्ट बंद केलीत."

"मी?" ते खरोखरच दुखावले. "मी लिफ्ट बंद केली नाही. मी आवाज बंद केला."

"तो लिफ्टचाच आवाज आहे."

त्यांनी मोटरकडे पाहिलं. चाक फिरत होतं. मला वाटतं, त्यांनी ते त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या हिशोबानं आरोग्याची काळजी असणारी सगळी माणसं त्या वेळी गच्चीवर होती. मग लिफ्टमध्ये कोण असणार?

"हे आपण आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

मी खाली गेलो तेव्हा आजी फाटकाबाहेर पोचली होती, माझी वाट न बघता. परत आली तेव्हा हातात पाव होते.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"पयल्यांदा वाटली. घंटी मारली, कोन आला नाय. मंग रोझरी काढली." तिनं दोन पाव माझ्या हातावर ठेवले. "बरा असतं आत. कोन चाय मागत नाय."

रिपोर्टासाठी मी कर्णिकसाहेबांना फोन केला.

"दोष काय लिहू?"

"लिही, मेन स्विच लूज होता."

"लूज नव्हता, साहेब."

"मग टाइट केला असं लिही."

मी मशीनरूमला कुलूप लावलं आणि किल्ली वॉचमनकडे दिली. रविवारच्या सभेला मला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं. सामंतसाहेबांनी लिफ्ट बंद ठेवण्याचा प्रस्ताव मागे घेतला. दोष सापडल्याबद्दल त्यांनी सभेचं अभिनंदन केलं आणि श्रेय प्रभात आरोग्य मंडळाच्या मौनाला दिलं, कारण इतक्या गाढ शांततेमुळेच घंटीचा बारीक आवाज ऐकू येऊ शकला. टाळ्या झाल्या. त्या वाजवायची सभासदांना सवय होती. ज्यो माझ्याकडे बघत होता. त्याला काय घडलं ते आईनं सांगितलं नव्हतं, आणि मीही बोललो नाही. त्यानं एवढंच विचारलं, "आता गॅरंटी?" मी म्हटलं, "किल्ली वॉचमनकडे आहे." दुसऱ्या दिवसापासून आजी पुन्हा चर्चला जाऊ लागली. काही महिन्यांनी ती भिंत न धरता दार उघडायची.

या धंद्यात मी जे थोडं शिकलो, त्यातलं एक हे, की लिफ्ट बंद पडली अशी तक्रार आली, तर ती कोणी बंद केली का, हे आधी विचारावं. आणि विचारायचं ते आत असलेल्या माणसाला.

पुढे आमच्याकडे लोडशेडिंग सुरू झालं. एका सकाळी त्या सोसायटीतून फोन आला, लिफ्ट वीज जाऊन मध्येच अडकली आहे, लवकर या. मी गेलो, कुलूप काढलं, ब्रेक सोडून हातानं चाक फिरवलं आणि लिफ्ट मजल्याला लावली. आतून सामंतसाहेब बाहेर आले. ते मौनासाठी गच्चीवर निघाले होते. वॉचमन म्हणाला, अडकल्यापासून त्यांनी घंटीवरचं बोट उचललं नव्हतं. मी बटण दाबून पाहिलं. घंटी वाजेना. कॉइल जळाली होती. बदलली.