अक्काच्या हनुवटीखालची जागा

लहानपणी अक्काच्या हनुवटीखाली हात घातल्याशिवाय मला झोप यायची नाही. माझी ही थोरली बहीण अंगानं बेताचीच, पण हनुवटीखाली तिला एक मऊ वळी होती. ऐन उन्हाळ्यातसुद्धा ती गार असायची. वाटूरच्या आमच्या घरात उशा ढीगभर होत्या, मला एकही नको असायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अक्काला पाहायला आलेल्या एका बाईंनी मुलगी पसंत केली, फक्त गळ्याकडे बघून नाक मुरडलं. स्वतः मावत नव्हत्या खुर्चीत! पण अक्कानं ते मनाला लावून घेतलं. नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या एका पार्लरमध्ये चरबी विरघळवायचं इंजेक्शन मिळतं, असं तिला कळलं. हौसेला मोल नसतं. टोचणारी बाई डॉक्टर नव्हती, औषधाचं नावही तिनं सांगितलं नाही. साडीचा रंग जाईल का, हे दुकानदाराला दहादा विचारणाऱ्या आम्ही, तिथं मात्र गप्प बसलो.

घरी येईपर्यंत गळा टम्म सुजला. आमच्याकडे सुजेला औषध एकच, शेक. आईनं तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं. शेकताना मधूनमधून विचारायचं आणि पोळलं म्हटलं की हात उचलायचा, ही रीत.

"पोळून राह्यलं का गं?"

"न्हाई माय. बराबर हाय."

ती खोटं बोलत नव्हती. इंजेक्शननं ती जागा बधिर झाली होती. सकाळी कातडीवर फोड आले होते.

त्वचेचे डॉक्टर रागावलेच. असलं इंजेक्शन शिकलेल्या डॉक्टरनंच, आधी तपासून आणि औषधाचं नाव सांगून द्यायचं असतं, म्हणाले. सूज नि बधिरपणा कितीतरी दिवस राहतो, त्यावर शेक द्यायचा नसतो. सुई भलतीकडे गेली तर हसताना तोंडही वाकडं होतं. आई मान खाली घालून ऐकत होती. त्यानंतर तिनं कुणालाच शेक दिला नाही.

अक्काचं लग्न झालं, अंकुशनगरला ती सुखात आहे. हनुवटीखाली कडक चट्टा तेवढा राहिला. मी गेले की दुपारी आम्ही शेजारी लवंडतो. मला ती जागा अजून हवी असते, या वयातही. मध्ये तिची लहानगी लेक असते. पेंगता पेंगता ती आईच्या हनुवटीखाली हात घालू पाहते. अक्का तो हात हळूच उचलते आणि आपल्या कानाच्या पाळीवर ठेवते.

मी उशी ओढून घेते.