वाट पाडणाऱ्याची बंडी

आमच्या गावाहून मार्कंड्याच्या जत्रेला बैलांच्या बंड्या निघतात तेव्हा बाबांची बंडी सगळ्यांच्या पुढे असते. जंगलातली ती वाट त्यांनीच तरुणपणी पाडली. साग न तोडता झाडाझाडांच्या फटीतून बंडी काढली आणि मधल्या नाल्याची उभी दरड लोखंडी सब्बलने खोदून उतार केला. वाट इतकी वाकडी, की लोक अजून चिडवतात, "भाऊ, मोहाची पिऊन पाडली का?" पण त्या वाटेवर दुसरं कुणी आपली बंडी पुढे घालत नाही. काही झालंच तर वाट पाडणाऱ्याला आधी व्हावं, असा गावाचा सरळ आणि माझ्या मते निर्दय हिशेब.

यंदा जत्रेसाठी माहेरी आले, तर आईने चुलीपाशी हळूच सांगितलं, की बाबांना आता उजेड आणि सावली एवढंच दिसतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

"तू बस त्याईच्याजवळ. माहं ऐकत नाईत."

माझं डोकंच फिरलं. मागे लेकराबाळांनी भरलेल्या बंड्या, आणि पुढे न दिसणारा माणूस! त्यात त्याच रानात नुकतंच वाघाने एका गुराख्याला ओढून नेलं होतं. पण बाबांना तोंडावर बोलायची छाती मलाही झाली नाही. मुकाट्याने शेजारी जाऊन बसले.

बैलांना वाट पाठ होती. मी "फांदी आली" म्हणायची, की बाबा मान खाली घालायचे. नाल्यापर्यंत कुणाला काही कळलं नाही. भर दुपारी उताराच्या तोंडाशी बैल एकदम थांबले आणि फुरफुरू लागले. मागची एकेक बंडी थांबत गेली.

"काय हाय समोर?" बाबांनी विचारलं.

खाली वाळूत, डबक्याशी वाघ बसला होता. आमच्याकडेच बघत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी बाबांचा हात घट्ट दाबला, तेवढ्यावरून त्यांना समजलं.

त्या अरुंद वाटेवर बंडी वळवता येत नाही. बाबा ओरडले, "खाली उतरू नका रे कोनी! गंजं बडवा, जोरात बडवा!"

जत्रेतल्या स्वयंपाकाची भांडी खणखणू लागली. वाघ उठला आणि सावकाश पलीकडच्या बांबूत शिरला. बांबू थोडा हलला आणि थांबला.

"गेला?"

"दिसत नाई बाबा. पन तिथीच असन."

"तुले दिसत नाई, मले दिसत नाई." त्यांनी कासरा माझ्या मुठीत कोंबला. "ढिला सोड. बैलाईले इचार."

मी कासरा ढिला सोडला. बैल हलेनात. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, हाका ना! लेकरं रडून राह्यले!" मला बाबांचा राग आला, आईचा आला, सगळ्या गावाचा आला. किती वेळ गेला कोण जाणे. मग डाव्या बैलाने मान खाली घातली, जमीन हुंगली आणि उतारावर पाय टाकला.

"आता तान! तान!" बाबा म्हणाले. बंडी उतारावर सुटू नये म्हणून मी सगळा जीव लावून कासरा ओढून धरला. चाकं वाळूत रुतली, निघाली. वाघाच्या पावलांवरून बंडी गेली. बांबूकडे मी पाहिलंच नाही.

पलीकडच्या माळावर सगळ्या बंड्या सुखरूप आल्या. आमच्या मागच्या बंडीतले शेजारचे काका धावत आले आणि बाबांच्या पायाशी वाकले. त्यांच्या बंडीत त्यांची नातवंडं होती.

"भाऊ, तुमी होते म्हनून आलो."

बाबांनी चाचपडत त्यांचे खांदे धरले. "मी नाई आनलं. मले आता दिसत नाई."

काकांचा चेहरा उतरला.

"मंग बंडी कोनं हाकली?"

काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कासरा अजून मुठीतच होता. सोडू म्हटलं तर बोटं उघडेनात.

आता हे शिव्या घालणार, असंच मला वाटलं. पण काका मागे गेले, आपल्या बंडीत चढले, आणि माझी बंडी हलायची वाट पाहत थांबले.