प्रियाताईचं पाणी

पाण्याची बाटली तिची स्वतःची. हिरव्या झाकणाची. ती रस्त्यावरच्या हापशावरून भरून आणायची. आमच्या अंगणातला नळ तिच्या खोलीपासून दहा पावलांवर होता.

चहाचा कप ठरलेला, कान तुटलेला. चहा झाला की स्वतः विसळायची आणि खिडकीत पालथा घालायची.

पेन्सिलीनेच लिहायची. टोक केल्यावर पडलेली सालं काडेपेटीत साठवायची.

काहीही वितीने मोजायची. तिची वीत बरोबर एकोणीस सेंटिमीटर. दार, उशी, भोपळा, एकदा माझा हात.

भिगवणहून आली की चिंच चोळून हात धुवायची. तरी हुंगून बघायची.

आईशी बोलायचं तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबायची. आत यायची नाही.

हसण्याआधी डोळे मिटायची.

या सवयी मी टिपून ठेवल्या होत्या. नुकतीच मराठी घेऊन बी.ए. झाले होते, माणसं टिपायचा नाद होता. एकदा तिला वाचूनही दाखवल्या. ती डोळे मिटून बराच वेळ हसली. मग म्हणाली, "सोनल, यातल्या निम्म्याच माझ्या आहेत."

मला वाटलं, उरलेल्या तिच्या आईच्या असतील. आईचं, रंगुबाईंचं, नाव तिच्या बोलण्यात सारखं यायचं. मी तसं म्हटलंही. तिने पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

प्रियदर्शनी मोरे. मी प्रियाताई म्हणायची. आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र तासावर शिकवायची आणि उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या माशांवर पीएच.डी. करायची. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने भिगवणला जायची. तिथे मासे धरणाऱ्या कुंडलिकमामांची होडी किनाऱ्याला लागायची. ही माशांची लांबी मोजायची, वजन करायची, पोट चिरून अंडी किती ते बघायची. चिरलेला मासा विकला जात नाही. कुंडलिकमामा तो घरी न्यायचे. पाच वर्षं त्या घरानं हिच्या विज्ञानाचं कालवण खाल्लं.

तिचं घर लासुर्ण्याला. दोन खोल्या, सहा माणसं. नवरा सोमनाथ शाळेत गुरुजी. घरात टेबल नव्हतं आणि शांतता नव्हती. पंच्याण्णवच्या जूनमध्ये तिच्या हातात एक वर्ष उरलं होतं. तेवढ्यात प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. सगळं काम पाण्यात. आठवडाभर बारामतीकडे राहता येईल अशी खोली ती शोधत होती. नाव विचारून झालं की लोक पुढचं विचारायचे, आणि मग खोली आधीच दिलेली असायची.

आमचा मळा जळोचीला. वांगी, दोडका, कोबी. विहिरीजवळ क्रेट ठेवायची एक खोली होती. ती रिकामी करून ताईला द्यावी असं मी आईला म्हटलं. वडिलांना, म्हणजे मोहनरावांना, आईनं हो म्हटलं की पुढे काही विचारायचं नसायचं. आई कोबी कापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मोरे म्हंजी आपल्यातलंच ना?"

मी म्हणाले, "हो."

एक अक्षर. ते बोलताना मला अभिमानच वाटला होता. आपण एका माणसाचा प्रबंध वाचवला असं वाटलं. ताईला मी हे सांगितलं नाही. मोरे सगळ्यांतच असतात. कोणाला कळणार होतं.

ती राहायला आली. रविवारी लासुर्ण्याला जायची, सोमवारी परत. बाकी दिवस खोलीत दिवसभर पेन्सिलीची खरखर. संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर आम्ही बसायचो. ती मला माशांबद्दल सांगायची. मरळ पिलांना सोडत नाही, राखण करते. वाम चिखलात घुसून राहते. चिलापी बाहेरून आली आणि सगळं पाणी बळकावून बसली. मी तिला कविता म्हणून दाखवायची. ती म्हणायची, छान आहे, पण यात मोजलंय काय?

मला मात्र सतत धाकधूक असायची. लासुर्णे काही लांब नाही. बाजारात कुणी भेटेल, बोलता बोलता सांगेल. आई ताईला हाकलेल, प्रबंध अर्धा राहील आणि तो माझ्या खोट्यामुळे राहील. आई तिच्याशी बोलायला लागली की मी मध्येच जाऊन विषय बदलायची. घाईघाईने. कशावरूनही. त्या दोघी माझ्याकडे बघायच्या, मग एकमेकींकडे.

प्रबंध वेळेत गेला. शहाण्णवच्या नोव्हेंबरात व्हायवा झाली. ती डॉक्टर झाली. पंधरा दिवसांत आसामातून पत्र आलं. नदीतल्या माशांवर काम करणारी संस्था, पक्की नोकरी, राहायला घर. बारामती-इंदापूरकडे तिने तीन ठिकाणी अर्ज केले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

सोमनाथभावजींनी राजीनामा दिला. पक्की नोकरी सोडून बायकोच्या मागे देशाच्या दुसऱ्या टोकाला. शाळेतले चेष्टा करायचे. एक जण म्हणाला, "सासरी निघाला व्हय गुरुजी?"

"व्हय," भावजी म्हणाले. "पाठवणीला या. रडायला माणसं कमी पडत्याली."

जायला महिना होता. तेवढ्यात तिला एकच काम उरकायचं होतं. कुंडलिकमामा तिला म्हणाले होते, "एवढ्या माशांची पोटं फाडलीस, आता सांग तरी आत काय हुतं." प्रबंध इंग्रजीत. मामांना मराठी वाचता येत होतं. म्हणून शंभर पानी वहीत ती मराठी महिन्यांप्रमाणे लिहायला लागली. कुठल्या महिन्यात कुठल्या माशाच्या पोटात अंडी, कुठे जाळं टाकायचं नाही, कुठला मासा परत सोडायचा. रोज एक महिना. संध्याकाळी मला वाचून दाखवायची.

आषाढ लिहून झाला त्या दिवशी तिने खोली आवरायला घेतली. आमच्याकडे माझ्या भावाचा, संदेशचा साखरपुडा होता, पाव्हणे येणार होते. ताई म्हणाली, घरीही बांधाबांध आहे, लवकर गेलेलं बरं. मी मान डोलावली. पुस्तकं उचलायला मदत केली.

निघायच्या आदल्या दिवशी ती आणि भावजी निरोप घ्यायला आले. ओसरीवर बसले. मी आत जाऊन आमच्या पितळी तांब्यातून दोन पेले पाणी आणलं. भावजींनी पेला उचलला. ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी पेला खाली ठेवला. ताईने पिशवीतून हिरव्या झाकणाची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

मी म्हणाले, "ताई, आता आसामला हापसा बरोबर नेणार का?"

भावजी हसले. ताई डोळे मिटून हसली. आई दारात उभी होती, ती हसली नाही.

मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. भावजी पुढे गेले. मला आता राहवेना. मी ताईला सांगून टाकलं. खोलीसाठी मी आईशी खोटं बोलले होते. तू आमच्यातलीच आहेस असं सांगितलं होतं.

ती थांबली. माझ्या दंडावर हात ठेवला.

"माहीत आहे. पहिल्याच संध्याकाळी आईंनी विचारलं, कुठले मोरे. मी सांगून टाकलं. खोट्या नावावर कसं राहायचं, सोनल?"

"मग आई काय म्हणाली?"

"राहा म्हणाल्या."

तिने वही माझ्या हातात दिली. कुंडलिकमामांना दे, उरलेले महिने तिकडून पाठवते, एवढं म्हणाली. मग ते दोघे हापशापाशी थांबले. भावजींनी हापसलं, तिने बाटली भरली.

मी घराकडे पळत आले. दीड वर्षाचं ओझं उतरलं होतं. माझी आई इतकी मोठी, आणि मलाच ठाऊक नव्हतं. मी तिला मिठी मारणार होते.

आई विहिरीजवळच्या खोलीत होती. खिडकीतला कान तुटलेला कप तिने फडक्यात धरून उचलला आणि उकिरड्यावर टाकला. ताटली होती, तीही टाकली. मग हात धुतले.

मी विचारलं, हे काय.

"खोटं तू बोललीस, ती न्हाय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी म्हणलं, राहा. पाणी हापशावरनं आणायचं, कप येगळा, चुलीकडं यायचं न्हाय. बापाला कळलं तर तवाच भाईर. आन सोनीला सांगू नगंस, ती भांडत बसंल. ती म्हणली, बरं."

"आणि साखरपुड्याचं?"

"पाव्हण्यांनी इचारलं असतं, ही कोण. मी म्हणलं, आठ दिस आधी जा. ती म्हणली, बरं."

आई आत गेली. तिने हाक मारली, जेवायला ये. मी भांडले नाही. मी आत गेले. भाकरी खाल्ली. त्याच तांब्यातलं पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने दौंडहून ते गेले असतील. मी स्टेशनवर जाणार होते. गेले नाही. सवयी टिपलेलं पान मी फाडलं, पण त्या मला पाठ होत्या. मोजून बघितलं. तिचं बरोबर होतं. जवळपास निम्म्याच.

पत्ता माझ्याकडे होता. पत्र सुरू केलं की 'प्रिय ताई'च्या पुढे हात चालत नसे. तिचं एक कार्ड आलं. पोचलो, नदी फार मोठी आहे, दुसरा काठ दिसत नाही, मामांना वही दिलीस का. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिचंही काही आलं नाही.

वही मी अडीच महिन्यांनी भिगवणला नेली. कुंडलिकमामा होडीत बसून, बोट फिरवत, मोठ्याने वाचत गेले. चैत्र. वैशाख. ज्येष्ठ. आषाढ. मग त्यांनी पान उलटलं. वर तिच्या पेन्सिलीने 'श्रावण' असं लिहून खाली रेघ मारलेली होती. रेघेखाली 'मरळ' एवढा शब्द होता.

मामांनी पुढची पानं उलटून पाहिली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "म्होरलं कुठं हाय?"