पेटीच्या आतलं कुंकू

आमचे हे सुतार. पण वखर-तिफणीपेक्षा यांचा जीव कॅमेऱ्यांत. कॅमेऱ्याची सागवानी पेटी हे घडवत, तिचा घड्या पडणारा कातडी भाता मी शिवत असे. जिल्ह्यातले फोटोवाले आमच्या धाड गावी येत. महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा. फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्या, फिल्मचे रोल आले, आणि फोटोवाले कारखान्याचे तयार कॅमेरे बघायला लागले. यांचं जेवणावरून लक्ष उडालं.

शेवटी यांनी जुन्याच पेटीला मागून बसेल असं रोलचं झाकण केलं आणि बाजारातल्या फोटोवाल्याला वापरायला दिलं. त्याचे फोटो नीट आले तर बाकीचेही पेट्या बदलून घेणार होते. नाहीतर यांचं हे काम कायमचं बंद.

दसरा झाला आणि फोटोवाला तणतणत आला.

"मिस्त्री, तुमची पेटी उजेड खाऊन राह्यली! धुतला तं सगळा रोल काळा!"

यांनी पेटी उन्हात ठेवली, डोक्यावर घोंगडी घेतली आणि भिंग काढून आत बघत बसले. सुईच्या टोकाएवढाही उजेड शिरत नव्हता. यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. माझी शिवण तर उसवली नाही ना, म्हणून मी मागचं झाकण उघडलं. आत हळदकुंकू!

"भाऊ, दसऱ्याले पेटी पूजली का?"

"हाव वहिनी. दरसाल पूजतो. आतूनबी."

"अन् रोल?"

"तो तं आतच होता, वहिनी!" प्लेट फोटोच्या वेळेलाच घालत, त्यामुळे दसऱ्याला पेटी रिकामी असायची. रोल मात्र संपेपर्यंत आतच राहतो, आणि पूजेला झाकण उघडलं की उजेड लागून काळा पडतो. हे कितीतरी दिवसांनी मोठ्यांदा हसले.

दुसरा रोल छान उतरला. पेट्या येऊ लागल्या. तेव्हापासून प्रत्येक पेटीवर हे बाहेरून पितळेची चकती ठोकत. "कुंकू इथं लावा, झाकणाले हात लावू नका," असं सगळ्यांना बजावत. मला तर दर दसऱ्याला.

हे गेले त्या वर्षी दसऱ्याला मी यांची स्वतःची पेटी पुसली, चकतीला कुंकू लावलं. मग न राहवून झाकण उघडलं. आत, रोल बसतो त्याच्या शेजारी, यांच्या बोटाचं कुंकू होतं. एकावर एक, कित्येक वर्षांचं.

मला दटावणारा माणूस! मी हसले, आणि मग मला रडू आवरेना.