कुमुदताई सोशिक नव्हत्या

कुमुदताईंच्या निखिलचा टेक्ससमधल्या प्लेनोहून फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी डोशाचं पीठ फ्रिजमध्ये ठेवत होते. "मावशी, आई गेली... खालच्या लाँड्रीवाल्या बाईंना जिन्यात दिसली. अँब्युलन्स आली, पण... मी फ्लाइट बघतोय." एवढं बोलून तो रडायला लागला. किल्ली माझ्याकडे आहे, उतरलास की आधी इकडेच ये, असं त्याला सांगितलं, फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी दुःख आलंच नाही. आधी आलं ते हे, की आता त्या माणसाला हायसं वाटेल. आमच्या गावातल्या एका माणसाला, आणि आमच्याच मराठी मंडळातल्या दुसऱ्या एकाला. त्या दोघांना हायसं वाटू नये म्हणून मी हे लिहिते आहे. कुमुदताईंना जाऊन आज सात आठवडे झाले.

फ्युनरल होममध्ये मंडळाचे माजी अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव इथे देत नाही. ते ही पुरवणी वाचतात, त्यांना कळेल. पांढरा कुडता, हात जोडलेले, आवाज भरून आलेला. म्हणाले, "कुमुदताई म्हणजे सोशिकपणाची मूर्ती. कधी कुणाबद्दल वाईट शब्द नाही. सगळ्यांना माफ करणारं मन." लोकांनी माना डोलावल्या. निखिलनेही डोलावली, तो बिचारा त्या वर्षांत इथे नव्हता. मी दुसऱ्या रांगेत बसून रुमाल मुठीत आवळत राहिले आणि काही बोलले नाही. कुमुदताईंच्या बाबतीत गप्प बसण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती...

त्या मूळच्या अमरावतीच्या. तिथल्या शाळेत तीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. यजमान गेल्यावर न्यू जर्सीला मुलाकडे आल्या. आमचं गाव देशी दुकानांच्या ओक ट्री रोडपासून गाडीने चाळीस मिनिटं. एक मुख्य रस्ता, दोन चर्च, एक फायर हाउस आणि एक शाळा. नातवाला शाळेत सोडायला त्या रोज चालत जायच्या, आणि शाळेजवळच्या कोपऱ्यावर गाड्या कशा सुसाट वळतात ते बघून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. एक दिवस टाउन हॉलमध्ये गेल्या आणि क्रॉसिंग गार्डचा अर्ज भरून आल्या. शाळा भरताना आणि सुटताना भर रस्त्यात उभं राहायचं, हातात लाल 'स्टॉप'ची पाटी धरायची आणि मुलांना पलीकडे न्यायचं. साडीवर पिवळं जाकीट, पायात निखिलचे जुने बूट. पुढे निखिलची बदली टेक्ससला झाली. ताई एक हिवाळा तिकडे राहिल्या आणि परत आल्या. "तिथे कुणी चालतच नाही गं शैला. मी कुणाला रस्ता ओलांडून देऊ?" लाँड्रीच्या वरची एक खोली घेतली आणि एकट्या राहू लागल्या.

अकरा वर्षं त्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. मुलांशी इंग्रजी बोलायच्या, पण घाई झाली की मराठी तोंडात यायचं. "थांबा! आता चला, चला, चला." आयरिश, इटालियन, कोरियन, गुजराती, सगळी पोरं तेवढे दोन शब्द शिकली होती. प्रत्येकाचं नाव ताईंना पाठ. कुणाची बुटाची नाडी सुटते, कोण हात सोडून पळतो, कुणाची आई आजारी आहे... कुठली मुलगी गणितात कच्ची आहे हेसुद्धा त्या मला सांगायच्या. दर शनिवारी मी त्यांना भाजीला ओक ट्री रोडला न्यायचे, तेव्हा जाता-येता गाडीत हेच चालायचं.

आता तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधली ती संध्याकाळ. टाउन कौन्सिलच्या बैठकीत एक ठराव होता: त्या कोपऱ्यावरचा गार्ड बंद करायचा. ठराव मांडणारा कौन्सिलमन नेहमी लाल टाय लावायचा, म्हणून ताई त्याला टायवाला म्हणायच्या. मीही तेच म्हणते. ताई माइकपाशी गेल्या. सामान्य नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. त्यांनी कागदावरून वाचलं, की दुपारी शाळा सुटते त्या अर्ध्या तासात या वळणावर किती गाड्या येतात ते मी रोज मोजलं आहे, आकडे असे आहेत. वाचून झाल्यावर टायवाला खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बाईंबद्दल मला आदर आहे. पण या काय बोलतात ते मुलांना निम्म्या वेळा कळतच नाही. खरं सांगू, आत्ता मलाही कळलं नाही." हॉल हसला. मग आपले अध्यक्ष उठले. तेव्हा ते माजी झालेले नव्हते, आणि गणपतीसाठी मंडळाला टाउनचं पार्क हवं होतं. ते म्हणाले, "आमच्या समाजाचा कौन्सिलवर पूर्ण विश्वास आहे." ठराव पास झाला.

हॉल हसला असं मी लिहिलं. त्यात मीही होते. मी तिसऱ्या रांगेत होते, सगळे हसले तेव्हा माझंही तोंड हसलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पस्तीस वर्षं या देशात, लॅबमध्ये, गोऱ्यांच्या विनोदावर वेळेवर हसायची सवय लागली होती, एवढंच. ताई माइकपासून वळल्या आणि त्यांनी नेमकं माझ्याकडे बघितलं.

पुढच्या शनिवारी त्या नेहमीच्या वेळी खाली आल्या, गाडीचं मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसल्या. मी म्हटलं, "ताई, पुढे या ना." रागावल्या की त्यांच्या तोंडून अमरावतीची बोली यायची. "काऊन हसली वं तू?" मी सीटबेल्ट लावायला लागले. "मग चालव गाडी." त्यानंतर दीड वर्ष त्या मागे बसल्या. टॅक्सीत बसावं तशा, खिडकीबाहेर बघत. भाजी घ्यायच्या, "थँक यू, शैला" म्हणायच्या आणि उतरायच्या. त्या येणं बंद करतील म्हणून मी घाबरले होते. पण त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही. मला बसवून ठेवलं होतं, समोर, आरशात त्यांचा चेहरा दिसेल अशी.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडली. पिवळं जाकीट आणि पाटी टाउन हॉलला परत केलेली होती, तरी ताई रोज कोपऱ्यावर जाऊन फुटपाथवर उभ्या राहायच्या. चौथ्या दिवशी पोलिसांनी येऊन नम्रपणे सांगितलं, की असं करता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये तिसरीतली एक मुलगी, टेसा, त्या वळणावर गाडीखाली आली. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. टायवाल्याने गावच्या वर्तमानपत्राला सांगितलं, की मूल न बघता धावत सुटलं. ताईंनी ते माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ही पोरगी पाच वर्षांची असल्यापासून दोन्हीकडे बघते. मी शिकवलं तिला. तो माझ्याबद्दल बोलला ते मी सोडलं असतं, शैला. नसतं सोडलं, पण समज सोडलं असतं. आता नाही."

त्या दिवसापासून त्यांनी जे केलं त्याला सूड याशिवाय दुसरा शब्द नाही, आणि तो मी मुद्दाम वापरते आहे. आधी त्यांनी सिटिझनशिपचा अर्ज केला. भारतीय पासपोर्ट सोडायला त्या कित्येक वर्षं तयार नव्हत्या, निखिल सांगून थकला होता. "मला त्याच्या विरुद्ध एक मत पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या. मग टाउन हॉलमध्ये जाऊन जुन्या बैठकांचे कागद मागायला लागल्या. नियमाप्रमाणे द्यावेच लागतात. क्लार्कबाई आधी वैतागली, मग ताईंसाठी खुर्ची ठेवायला लागली. पाचव्या महिन्यात त्यांना हवा तो कागद मिळाला. त्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर गाडीत बसल्याबसल्या कॉफी घ्यायचं दुकान येणार होतं. गाड्यांची ये-जा त्याच वळणावरून, आणि मध्ये रस्ता अडवून उभा राहणारा गार्ड नको होता. प्लॉट टायवाल्याच्या मेव्हण्याचा. ठरावाच्या वेळी त्याने हे सांगितलं नव्हतं, आणि मतही दिलं होतं. ताईंनी ते पुढच्या बैठकीत तीन मिनिटांत, एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवलं. "या वेळी कळलं का?" असंही शेवटी विचारलं. कुणी हसलं नाही.

तरी तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला. मी ताईंना म्हटलं, तुम्ही सांगाल तिथे मी गाडी नेते. "ने," त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या. अकरा वर्षांत त्यांनी रस्ता ओलांडून दिलेली पहिली मुलं आता अठरा-वीस वर्षांची झाली होती. मतदार झाली होती. ताईंना त्यांची नावंच काय, घरंही माहीत होती. सबंध उन्हाळा आम्ही घरोघरी गेलो. एका दारात सहा फुटी मुलगा आला, दाढी, कानात बाळी. ताईंना बघितल्यावर दोन्ही हात वर करून ओरडला, "थांबा!" आणि त्यांना मिठी मारली. ताईंनी मिठी मारू दिली, मग लगेच विचारलं, "ब्रायन, तू व्होटर म्हणून रजिस्टर केलंस का?" एका मुलीने विचारलं, की तुम्ही कुणासाठी मतं मागताय? "कुणासाठी नाही, एकाच्या विरुद्ध मागते आहे," ताई म्हणाल्या. मला वाटलं ती मुलगी दचकेल. ती म्हणाली, "टेसा माझी कझिन आहे," आणि फॉर्मसाठी पेन मागितलं.

टायवाला पडला. इतक्या थोड्या मतांनी, की पुन्हा मोजणी झाली, आणि पुन्हा पडला. निकाल पक्का झाला त्या शनिवारी ताईंनी गाडीचं पुढचं दार उघडलं. मी सीटवरची पर्स उचलून मागे टाकली, त्या बसल्या. त्या दिवशी भाजी घेऊन झाल्यावर आम्ही गावातल्या ग्रोसरीत दुधासाठी थांबलो, तर समोर तोच, टाय न लावलेला. सगळ्यांना दिसेल असा हात पुढे करून म्हणाला, "नो हार्ड फीलिंग्ज, कुमुद?" ताईंनी त्याच्या हाताकडे बघितलं. "येस," त्या म्हणाल्या, "हार्ड फीलिंग्ज." आणि दुधाचा कॅन उचलून पुढे गेल्या. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत चेहरा लाल होता. नव्या कौन्सिलने कोपऱ्यावर गार्ड परत आणला. ताईंचे गुडघे तोवर गेले होते, म्हणून एका तरुण बाईला नेमलं, आणि ताईंनी आठवडाभर फुटपाथवर खुर्ची टाकून तिला शिकवलं. या वेळी पोलीस आले नाहीत.

निखिल परत जाण्याआधी आम्ही दोघांनी खोली आवरली. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, पॉलिथिनच्या पिशव्यांखाली, एक कागद सापडला. जूनमधल्या त्या बैठकीची विषयपत्रिका. पाठीमागे ताईंच्या मोत्यासारख्या अक्षरात नावं, रांगेप्रमाणे लिहिलेली. त्या संध्याकाळी हॉलमध्ये जे हसले किंवा गप्प बसले, ते सगळे. बरीचशी नावं लाल पेनने खोडलेली होती. ज्याने पुढे माफी मागितली, ज्याने निवडणुकीत टायवाल्याविरुद्ध अंगणात पाटी लावली, ज्याने उघड बोलून दाखवलं, त्याचं नाव खोडलेलं. निखिलने विचारलं, "काय आहे, मावशी?" मी म्हटलं, "जुना कागद आहे, मी ठेवते."

माझं नाव खोडलेलं नव्हतं.

आधी मला रडू आलं. पुढची सीट दिली होती ना मला, मग हे काय... दोन दिवस मी त्यांच्यावर चिडलेली होते. मग लक्षात आलं, की मी उन्हाळाभर गाडी चालवली, पण एकाही दारात तोंड उघडलं नाही, आणि त्या माइकपाशी तर कधी गेलेच नाही. माफीसुद्धा मागितली नव्हती. ताई गणिताच्या बाई, अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण देणाऱ्या नव्हेत.

टायवाला या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उभा आहे. आपले माजी अध्यक्ष त्याच्यासाठी घरी चहापान ठेवणार आहेत, पत्रिका मलाही आली. गेल्या मंगळवारी कौन्सिलची बैठक होती. मी गेले. माइकपाशी उभी राहिले, दोन ठिकाणी इंग्रजी शब्द आठवले नाहीत तिथे थांबले. मी सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये एका माणसाने एका बाईंच्या बोलण्याची थट्टा केली, आणि हॉलबरोबर मीही हसले. ज्यांची माफी मागायची त्या आता नाहीत, तेव्हा मी माफी मागायला आलेली नाही. तो माणूस मागच्या रांगेत बसला आहे आणि तुमच्याकडे पुन्हा मत मागतो आहे, हे सांगायला आले आहे. टेसाचं नाव घेतलं. प्लॉट कुणाचा होता तेही सांगितलं. तीन मिनिटांची घंटा वाजली तरी वाक्य पूर्ण केलं.

घरी येऊन मी लाल पेन काढलं, कागद समोर घेतला... आणि पेन परत ठेवून दिलं. माझं नाव खोडायचा अधिकार मला नाही. ते तसंच राहील. बाकीच्यांचं मात्र मी बघणार आहे. माजी अध्यक्षमहाशय, सोशिकपणावरचं तुमचं भाषण मी शेवटपर्यंत ऐकलं, आता तुम्ही एवढं वाचा. तुमचं नाव दुसऱ्या रांगेत आहे, तिसरं. वरचं आणि खालचं नाव खोडलेलं आहे, त्यामुळे तुमचं अगदी स्पष्ट दिसतं.