पोचल्याच्या दोन रिंगा

आमच्या घरी कुणी "अप्पा असते तर..." अशी सुरुवात केली, की आई न विचारता पुन्हा चहाचं आधण ठेवते. एका किश्श्यावर भागत नाही, हे तिला पाठ झालंय. माणूस होता तेव्हा त्याच्याशी रोज वाद घातले आणि आता त्याच वादांचे किस्से सांगत बसतो. वाईट वाटतं, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

अप्पा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. नारायण पेठेतलं छोटंसं घर, तबला, फिरायचं वेड आणि एक नियम. घरात फोन बसला त्याच दिवशी त्यांनी हा नियम सगळ्यांना ऐकवला. बाहेरगावी जाणाऱ्यानं पोचल्यावर घरी फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. घरातल्यांनी उचलायचा नाही. "सुखरूप पोचलात एवढं कळलं की पुरे. बाकीचं आल्यावर सांगा."

एकदा आत्या सोलापूरला पोचली आणि आईनं सवयीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. अप्पा तबल्यावर बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "ही धरता येणार नाही. तिला म्हणावं, पुन्हा दे." आत्यानं बिचारीनं पुन्हा फोन लावला. दोन रिंगा झाल्या, मग अप्पांनी समेवर येऊन पाणी मागितलं.

*

बाबा आणि श्रीकाका लहान असताना अप्पा त्यांना घेऊन एसटीनं कोल्हापूरला निघाले. स्वारगेटलाच गाडी गच्च भरली. अप्पांच्या शेजारच्या सीटवर तबला-डग्गा. कंडक्टर म्हणाला, सामान खाली ठेवा, माणसाला बसू द्या. अप्पा मुकाट्यानं उठले, स्वतःची जागा त्या माणसाला दिली आणि साताऱ्यापर्यंत उभे राहिले. तबला बसूनच गेला!

हा किस्सा अप्पा नेहमी एकाच वाक्यावर संपवायचे. "सगळ्या घाटात श्रीनं डग्गा धरून ठेवला. पडू दिला नाही."

*

तोच श्रीकाका पुढे कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला. तेव्हा पेठेत एका घराआड कुणीतरी निघालेलंच असायचं. निघताना अप्पांनी नियमाची आठवण करून दिली. काका हसला. म्हणाला, "अप्पा, जग कुठल्या कुठे गेलंय. मी पोचलो की नीट बोलेन ना तुमच्याशी."

आणि तो बोललाही. आम्ही सगळे फोनपाशी रांगेत. अप्पांची पाळी आली तर ते जागचे हलेनात.

"अहो, श्री आहे. बोला की," बाबा म्हणाले.

"पोचला का तो?"

"पोचल्याशिवाय बोलतोय का?"

"रिंगा नाही वाजल्या," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकानं ते तिकडे ऐकलं आणि त्याला लागलं. खाण तशी माती! तो दर रविवारी बाबांशी बोलायचा, पण त्या दोन रिंगा त्यानं कधी दिल्या नाहीत. आणि अप्पा फोनवर कधी आले नाहीत.

श्री आला की सगळ्यांनी मिळून मंगेशीला जायचं, हे मात्र ठरलेलं. दर दिवाळीच्या आधी अप्पा माळ्यावरून बॅग काढून पुसायचे. काकाचं काही ना काही निघायचं, कधी प्रोजेक्ट, कधी व्हिसा. बॅग पुन्हा माळ्यावर जायची. आम्ही तो विषय काढत नसू.

*

मी हिंजवडीला नोकरीला लागले तर अप्पांनी तोही प्रवासच धरला. रोज कंपनीच्या बसमधून उतरून मी दोन रिंगा द्यायचे. टीममधला अकोल्याचा गजानन एकदा आमच्याकडे जेवायला आला, तर अप्पांनी त्यालाही नियम लावला. तो सुट्टीला गावी गेला की आमच्याकडे दोन रिंगा वाजायच्या. अप्पा म्हणायचे, "अकोला पोचलं." मग बराच वेळ फोनकडेच बघत राहायचे. कुणाची वाट बघतायत, हे काय आम्हाला कळत नव्हतं?

*

पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले. अप्पांची बोटं तबल्यावर चालेनाशी झाली, ऐकूही कमी यायला लागलं. बाबा म्हणाले, हा घरचा फोन आता काढून टाकू. अप्पा अंथरुणात उठून बसले.

"बाहेर गेलेल्या माणसाला हा नंबर पाठ आहे. तो पोचेपर्यंत राहू दे."

फोन राहिला.

*

अप्पा गेले ते सकाळी. काका तेव्हा विमानात होता. अप्पांचं दुखणं फार वाढलंय म्हणून बाबांनी कळवलं, तसाच तो निघाला होता. त्याच्यासाठी थांबायचं की नाही, यावरून बाहेरच्या खोलीत कुजबुज चालू झाली. गुरुजी घाई करत होते. विमान वेळेवर आहे का, कुणालाच माहीत नव्हतं. काकाचा मोबाइल लागत नव्हता. बाबा अप्पांच्या उशाशी बसून होते.

तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. गजानन जवळ उभा होता. त्यानं हात पुढे केला, तो बाबांनी उठून धरला. दुसरी रिंग वाजली आणि फोन बंद झाला.

बाबा परत येऊन बसले. अप्पांना ऐकू कमी यायचं म्हणून रोज जसं वाकून मोठ्यानं बोलायचे, तसेच त्यांच्या कानाशी वाकले.

"अप्पा, श्री पोचला."